विसर म्हटलं की विसरता येतं का?

"झालं गेलं विसरून जा." सांत्वनाला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हे म्हणतो. नवरा अपघातात गेलेल्या बाईला म्हणतात, ठरलेलं लग्न मोडलेल्या मुलीला म्हणतात, भागीदाराने फसवलेल्या दुकानदाराला म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण विसरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. लक्षात कसं ठेवायचं ते आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं : घोका, लिहून काढा, पुन्हा पुन्हा म्हणा. विसरण्यासाठी मात्र फक्त आज्ञा आहे, रीत कुठेच नाही.

गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी आणि मेंदूच्या अभ्यासकांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. जे हाती आलं ते मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यातून आज्ञेऐवजी रीत थोडीफार दिसू लागली आहे.

आधी अपयशाची उदाहरणं घेऊ, कारण ती जुनी आहेत. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्याकडे मार्टिन लाम्पे नावाचा नोकर सुमारे चाळीस वर्षं होता. १८०२मध्ये कांटने त्याला कामावरून काढलं. पण इतक्या वर्षांची सवय, तोंडात सारखं त्याचंच नाव येई. तेव्हा कांटने स्वतःसाठी एक टिपण लिहून ठेवलं : लाम्पे हे नाव आता पूर्णपणे विसरायचं आहे. युरोपातल्या सर्वांत शिस्तबद्ध विचारवंतांपैकी एकाने विसरण्यासाठी योजलेला हा उपाय होता, आणि ते टिपण नजरेस पडेल तितक्या वेळा लाम्पेची आठवण होणार, हे उघड होतं.

या अडचणीचा पद्धतशीर प्रयोग व्हायला १९८७ साल उजाडलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी काही विद्यार्थ्यांना एकेकटं बसवलं आणि सांगितलं, पुढची पाच मिनिटं मनात जे येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच, तर समोरची घंटी वाजवा. कल्पना त्यांना दस्तयेवस्कीच्या एका प्रवासलेखनातून सुचली होती. मिनिटाला सरासरी एकदापेक्षा जास्त वेळा अस्वल येऊन गेलं. त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं. नंतर त्याच विद्यार्थ्यांना 'आता हवा तेवढा अस्वलाचा विचार करा' असं सांगितलं, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्या दुसऱ्या गटापेक्षा यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. दाबलेला विचार दुप्पट जोराने उसळतो, ही समजूत त्यानंतर सर्वत्र पसरली. समुपदेशकांच्या तोंडी ती आजही असते.

मात्र वेग्नर यांच्याच पुढच्या प्रयोगातला एक तपशील मागे पडला. अस्वल आलं तर त्याऐवजी लाल रंगाच्या फोक्सवॅगन गाडीचा विचार करा, असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात नंतरचं हे उसळणं कमी झालं. मनाला जायला एक ठरलेली जागा मिळाली की काम सोपं होतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

मॉस्कोतला सोलोमन शेरेशेव्हस्की हा या विषयातला सर्वांत विलक्षण माणूस. तो वार्ताहर होता. संपादक सकाळी सगळ्यांना कामं वाटून देत, पत्ते सांगत. बाकीचे लिहून घेत आणि हा नुसता ऐकत बसे. संपादकांनी विचारलं तर त्याने सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिथून तो मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांच्याकडे पोहोचला आणि त्यांनी जवळजवळ तीस वर्षं त्याचा अभ्यास केला. पुढे शेरेशेव्हस्की स्मरणशक्तीचे जाहीर प्रयोग करू लागला आणि तेव्हा त्याला विसरण्याची गरज भासली. एका संध्याकाळी कधी तीन-तीन खेळ असत. पहिल्या खेळातल्या फळ्यावरचे आकडे तिसऱ्या खेळातही डोळ्यांपुढे उभे राहत. त्याने मनातल्या मनात फळा पुसून पाहिला, त्यावर कापड टाकून पाहिलं. लोक लक्षात ठेवण्यासाठी लिहितात, म्हणजे लिहिलं की लक्षात ठेवायची गरज उरत नसेल, असा विचार करून त्याने नको असलेले आकडे कागदावर लिहिले. मग ते कागद जाळले. जळून काळ्या झालेल्या पापुद्र्यावरही त्याला ते आकडे दिसतच राहिले.

अखेर एका प्रयोगाच्या वेळी, आता जुना तक्ता उभा राहणार अशी धास्ती वाटत असताना, तो आला नाही. शेरेशेव्हस्कीच्या ध्यानात आलं, की मला तो नको आहे म्हणून तो येत नाही. एवढं कळल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं. लुरियांनी हे नोंदवलं, पण हे कसं घडलं याचा उलगडा त्यांना करता आला नाही. जाळणं, पुसणं, झाकणं या सगळ्या कृती त्या आकड्यांवरच करायच्या होत्या, म्हणजे प्रत्येक वेळी ते आधी आठवावे लागत होते. शेवटी जे घडलं त्यात आठवण्याचं कामच झालं नाही. माझ्या मते फरक इथे आहे.

हाच फरक २००१ साली मायकेल अँडरसन आणि कॉलिन ग्रीन यांनी ओरेगन विद्यापीठात मोजून दाखवला. त्यांचा प्रयोग साधा आहे. माणसांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. समजा, 'कसोटी – झुरळ'. पहिला शब्द दाखवला की दुसरा पटकन सांगता यायला हवा, इतपत पाठ. मग पडद्यावर एकेक पहिला शब्द दाखवायला सुरुवात केली. काही शब्दांच्या वेळी सूचना अशी, की जोडीदार आठवा आणि सांगा. काहींच्या वेळी उलट : शब्दाकडे पाहत राहा, नजर हलवू नका, पण त्याच्या जोडीदाराला मनात शिरू देऊ नका. नुसतं बोलायचं टाळून चालणार नाही, आठवणच येऊ द्यायची नाही.

वाचकांनी हे करून पाहिलं तर कळेल, की ही मेहनत आहे. 'कसोटी' हा शब्द समोर आहे, झुरळ दाराशी आलेलं जाणवतं, आणि त्याच क्षणी त्याला थोपवायचं आहे. हे काही शब्दांच्या बाबतीत एकदा, काहींच्या आठ वेळा, काहींच्या सोळा वेळा केलं. शेवटी सगळ्याच जोड्यांची परीक्षा घेतली आणि सांगितलं, आता जेवढं आठवेल तेवढं आठवा. ज्या जोडीदारांना जास्त वेळा थोपवलं होतं, ते कमी आठवले. मध्यंतरी ज्यांना कोणी हातच लावला नव्हता, त्या जोड्यांपेक्षाही कमी. एखादी गोष्ट नुसती पडून राहिल्याने जितकी पुसट होते, त्यापेक्षा थोपवलेली गोष्ट जास्त पुसट झाली होती.

शंका घ्यायला जागा होती. 'कसोटी' पाहिल्यावर लोकांनी मनात दुसराच एखादा शब्द धरला असेल, म्हणून झुरळ आठवलं नसेल. त्यासाठी संशोधकांनी वेगळ्या वाटेने विचारलं : कीटकाचं नाव, सुरुवात 'झु'ने. तरीही ते कमी आठवलं. म्हणजे त्या आठवणीलाच काहीतरी झालं होतं.

२००४मध्ये अँडरसन यांनी स्टॅनफर्डच्या सहकाऱ्यांबरोबर हाच प्रयोग एमआरआय यंत्रात केला. आठवण थोपवताना कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा, म्हणजे आपल्या कृतींवर ताबा ठेवणाऱ्या भागाचा, वरचा-बाजूचा हिस्सा जोरात काम करत होता. त्याच वेळी हिप्पोकॅम्पस, म्हणजे अनुभवांची आठवण बांधणारा आणि वर आणणारा मेंदूच्या आतला भाग, मंदावत होता. तव्याकडे गेलेला हात चटका बसण्याआधी मागे घेताना मेंदू जो लगाम वापरतो, त्याच जातीचा लगाम इथे आठवणीला लागतो. २०१७च्या एका अभ्यासात पुढचा दुवा मिळाला : ज्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचं प्रमाण जास्त, त्यांना नको असलेले विचार थोपवणं जास्त साधत होतं.

सगळं एकमुखाने मान्य झालं, असं मात्र झालेलं नाही. २००६मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटाला हाच प्रयोग करूनही तसा परिणाम सापडला नाही. नंतर अनेक ठिकाणी तो सापडला, पण त्याचा आकार लहान असतो आणि माणसामाणसांत फार फरक पडतो. आठवण पुसली जात नाही, ती वर यायची कमी होते. विहीर बुजवता येत नाही, पण पोहरा सोडायचा की नाही हे काही प्रमाणात आपल्या हाती आहे, आणि बरेच दिवस पोहरा सोडला नाही तर रहाट गंजतो.

इथे एक गल्लत हमखास होते. थोपवणं म्हणजे टाळणं नव्हे. ज्या वळणावर अपघात झाला तो रस्ताच सोडून लांबून जाणं, गेलेल्या माणसाचं कपाट कधीच न उघडणं, हे टाळणं. त्याने आठवण होती तशीच राहते आणि आयुष्य आकसत जातं. प्रयोगातल्या माणसांना नजर हटवायची परवानगी नव्हती. 'कसोटी' समोर ठेवूनच झुरळाला थोपवायचं होतं. म्हणजे त्याच वळणावरून जायचं, रस्ता पाहायचा, समोरचा ट्रक पाहायचा, आणि त्या दिवसाचा प्रसंग मनात उलगडू लागला की तिथेच थांबवायचा. पुन्हा आला तर पुन्हा.

दुसरी पद्धतही आहे, लाल गाडीची. त्याच खुणेला दुसरी आठवण बांधायची. केंब्रिजमध्ये रोलँड बेनवा आणि अँडरसन यांनी २०१२मध्ये दाखवलं की मेंदूत या दोन पद्धतींच्या यंत्रणाही वेगळ्या आहेत. पहिलीत हिप्पोकॅम्पसला लगाम घातला जातो, दुसरीत त्याला दुसरं काम दिलं जातं. परिणाम दोन्हींचा जवळपास सारखाच. पतंजलीच्या योगसूत्रांत प्रतिपक्षभावना म्हणून जे सांगितलं आहे, छळणाऱ्या विचाराच्या जागी त्याच्या विरुद्ध बाजूचा विचार आणावा, ते या दुसऱ्या पद्धतीच्या बरंच जवळचं आहे. (स्मृती ही पतंजलीने चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक मानली आहे, म्हणजे आवरता येण्याजोग्या गोष्टींत तिला बसवलं आहे.)

हवापालटालाही आधार आहे. लिली सहक्यान आणि कॉलीन केली यांनी २००२मध्ये लोकांना शब्दांची एक यादी पाठ करायला दिली आणि मध्येच त्यांना सांगितलं, तुम्ही अदृश्य झालात तर काय काय कराल त्याची कल्पना करा. त्यानंतर दुसरी यादी. एवढ्या मनातल्या स्थलांतराने पहिली यादी आठवणं कमी झालं, जणू ती मुद्दाम विसरायला सांगितली होती. आठवण तिच्या भोवतालाला चिकटलेली असते, भोवताल बदलला की तिचा धागा सैल पडतो. दुःखातल्या मुलीला चार दिवस माहेरी बोलावून घेणाऱ्या आयांना हे ठाऊक होतंच.

शब्दांच्या याद्या ठीक आहेत, पण खऱ्या आघाताचं काय? १३ नोव्हेंबर २०१५ला पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले, १३० माणसं मारली गेली. फ्रेंच संशोधकांनी त्या हल्ल्यांतून वाचलेल्या शंभरावर लोकांचा अभ्यास केला आणि तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी त्यांना हल्ल्याचं काहीही दाखवलं नाही. साधे शब्द आणि साध्या वस्तूंची चित्रं यांच्या जोड्या दिल्या, आणि नको असताना चित्र मनात शिरलं तर ते थोपवायला सांगितलं. ज्यांना पुढे पीटीएसडी म्हणजे आघातानंतरचा दीर्घ मानसिक त्रास जडला होता, त्यांच्या मेंदूतला तो लगाम नीट लागत नव्हता. तीच रात्र भोगूनही जे सावरले होते, त्यांच्यात तो शाबूत होता. सावरलेल्यांना त्या रात्रीच्या आठवणी येत नसत असं नव्हे, आलेली आठवण त्यांना परतवता येत होती.

मला या निष्कर्षात मोठा दिलासा दिसतो, आणि एक इशाराही. ज्याला विसरता येत नाही तो हट्टी किंवा कमकुवत आहे, असं आपण सहज म्हणतो. त्याच्यात इच्छा भरपूर असते, लगाम दुखावलेला असतो. आणि लगाम अनेक कारणांनी दुखावतो. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१मध्ये दाखवलं, की रात्रभर जागलेल्या माणसांना नको असलेल्या आठवणी थोपवणं झोपलेल्यांपेक्षा बरंच जड जातं. आठवणींमुळे झोप नाही आणि झोप नाही म्हणून आठवणी, हे चक्र कित्येक घरांत चालू असतं. ते झोपेच्या बाजूने तोडणं बहुधा सोपं.

लगाम कमावता येतो का? २०२३मध्ये झुल्कायदा मामत आणि अँडरसन यांनी १६ देशांतल्या १२० जणांना ऑनलाइन तीन दिवस सराव दिला. कोविडचा काळ होता. निम्म्या लोकांनी स्वतःच्या भविष्याविषयीच्या भीतिदायक कल्पना थोपवायच्या होत्या, उरलेल्यांनी साध्या तटस्थ गोष्टी. भीती थोपवणाऱ्यांच्या मनात त्या कल्पना नंतर कमी स्पष्ट आणि कमी भीतिदायक झाल्या, मनःस्थिती सुधारली आणि तीन महिन्यांनीही बराच फायदा टिकून होता. उसळण्याची जी भीती वेग्नरपासून घातली जात होती, ती इथे खरी ठरली नाही. हा एकच अभ्यास आहे, आणि भूतकाळापेक्षा भविष्याच्या चिंतेवरचा आहे, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

किंमतही आहे. हिप्पोकॅम्पस मंदावतो तेव्हा तो फक्त नकोशा आठवणीपुरता मंदावत नाही. २०१६च्या एका प्रयोगात आठवण थोपवण्याच्या आगेमागे दाखवलेली, तिच्याशी संबंध नसलेली चित्रंही लोकांच्या नीट लक्षात राहिली नाहीत. दुःखातून जाणारी माणसं म्हणतात, ते सहा महिने कसे गेले ते आठवतच नाही. त्यामागे हेही एक कारण असू शकेल.

या संशोधनाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. २००८मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युतलहरींवरून 'अनुभवजन्य माहिती' ओळखणाऱ्या चाचणीचा आधार घेतला, आणि जगभर त्यावर चर्चा झाली. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असा निकाल दिला. २०१३मध्ये ब्रिटन आणि जर्मनीतल्या संशोधकांनी काही लोकांना लुटुपुटीचा गुन्हा करायला लावून अशाच प्रकारच्या लहरींची चाचणी घेतली. ज्यांना आठवण थोपवायला सांगितलं, त्यांच्यातल्या अनेकांनी ओळखीची खूण देणाऱ्या लहरी कमी करून दाखवल्या. मेंदूत आठवण असली की यंत्राला ती सापडणारच, हे गृहीतच डळमळीत झालं. न्यायालयांनी अशा चाचण्यांपासून दूर राहावं यासाठी हे एक कारण मला पुरेसं वाटतं.

औषधाने विसरता येतं का, हे लोक नेहमी विचारतात. २०००मध्ये करीम नादर यांनी उंदरांवर दाखवलं की पक्की झालेली आठवणही जागी केली की काही काळ कच्ची होते आणि पुन्हा घट्ट व्हावी लागते. त्या वेळात रसायन दिलं तर ती घट्ट होत नाही. २००९मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मेरेल किंट यांनी माणसांत प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाबाची नेहमीची गोळी वापरली. आदल्या दिवशी कोळ्याचं चित्र आणि विजेचा सौम्य झटका यांची सांगड घातलेली होती. गोळी देऊन ती आठवण जागी केली. दुसऱ्या दिवशी चित्र पाहून दचकणं थांबलेलं होतं, मात्र या चित्रानंतर झटका येतो हे त्यांना पक्कं आठवत होतं. घटना तशीच राहिली आणि तिची दहशत गेली. बहुतेक दुःखी माणसांना खरं तर एवढंच हवं असतं. नंतरच्या प्रयोगांत निकाल उलटसुलट आले आहेत, त्यामुळे ही गोळी कोणी आपल्या मनाने घेऊ नये; दम्याच्या रुग्णाला तर ती घातक ठरू शकते. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात वेगळाच उपाय करून पाहिला : वाहन अपघातानंतर पहिल्या सहा तासांत आणलेल्या ७१ रुग्णांपैकी निम्म्यांना प्रसंग थोडक्यात आठवायला लावून टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात अचानक डोळ्यांपुढे उभी राहणारी दृश्यं त्यांच्यात ६२ टक्क्यांनी कमी होती. आठवण घट्ट होण्याच्या वेळात डोळ्यांना दुसरं काम दिलं, इतकंच.

आता सांत्वनाला जाणाऱ्यांविषयी. विसरण्याचा निर्णय ज्याची आठवण आहे त्याचाच असला पाहिजे. सासरी मारहाण झालेल्या मुलीला, नात्यातल्या माणसाने छळलेल्या पोराला 'विसरून जा' म्हणणं हे पुष्कळदा त्यांच्या सोयीचं नसून घराच्या अब्रूच्या सोयीचं असतं. ज्या आठवणीची अजून कोणी दखल घेतलेली नाही, जिचा न्याय व्हायचा आहे, ती पोलिसांपुढे आणि कोर्टापुढे सांगायला शाबूत राहावी लागते. आणि जिथे धोका अजून घरातच आहे, तिथे आठवण हेच संरक्षण असतं. तिथे आधी ऐकून घ्या, मग मदत करा. विसरणं पुढचं.

प्रसंगाला महिना उलटून गेला तरी तो रोज डोळ्यांपुढे येत असेल, झोप उडाली असेल, माणूस रस्ते, घरं, माणसं टाळू लागला असेल, तर नुसत्या सरावाने भागणार नाही. यावर मानसोपचारात चांगले उपचार आहेत आणि ते घ्यायला उशीर करू नये. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येतं.